वेठीस धरणे: नक्की कोण कोणाला धरतं?

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)

गणपतीच्या तोंडावर घरच्या ग्रुपवर दोन कात्रणं आली. एकाचा मथळा, ‘खासगी बसवाल्यांनी चाकरमान्यांना वेठीस धरले’. दुसऱ्याचा, ‘संपामुळे प्रवासी वेठीस’. आमचे भावोजी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. त्यांनी लगेच खाली टाकलं, "दोन्हीकडे शब्द चुकलाय. प्रवाशांकडून कोणी फुकट काम करून घेतलंय का?" त्यावर अर्धा दिवस जुंपली आणि शेवटी मावशीने उकडीच्या मोदकांचा फोटो टाकून विषय बंद केला. इथे तसं कोणी करणार नाही म्हणून धागा काढतोय.

वेठ म्हणजे मजुरी न देता जबरीने करून घेतलेलं काम. वेठीस धरणे म्हणजे माणसाला पकडून अशा कामाला जुंपणे. मग तिप्पट भाडं मागणारा बसवाला मला वेठीस कसा धरतो? तो मला लुबाडतो. आणि संपावर गेलेला माणूस तर कामच करायला नको म्हणतोय. तो दुसऱ्याला कुठे जुंपणार?

शिवाय सक्ती, जबरदस्ती, बळजबरी, जुलूम, भाग पाडणे, भरीस पाडणे, गळ घालणे, माथी मारणे ही सगळी एकाच वाडीतली बिऱ्हाडं. कोणाचं घर कुठे, तेही बोला. तुमच्या गावात वेठ शब्द जुन्या अर्थाने अजून ऐकू येतो का? शब्दकोशातले उतारे नकोत, ते भावोजींनी आधीच टाकलेत.

शब्दखोर

भावोजींना माझा नमस्कार सांगा. पण घोळ कुठे झालाय ते मला दिसतंय. ‘वेठीस’च्या गळ्यात ‘ओलीस’ येऊन पडलाय.

ओलीस ठेवलेल्या माणसाकडून काही करून घ्यायचं नसतं. त्याला धरून ठेवायचं आणि मागणी तिसऱ्याकडे करायची. संपात प्रवासी अडकतो आणि मागणी सरकारकडे असते, म्हणजे मथळेवाल्याच्या मनात ओलीस आहे. पण प्रवाशाला ओलीस म्हटलं तर बंदूक डोळ्यांपुढे येते, ते फार होतं. मग जवळचा, कानाला तसाच लागणारा शब्द उचलला. दोन्ही शब्द ‘स’वर संपतात एवढंच. त्यातही ‘वेठीस’मधला स विभक्तीचा आहे, ओलीस मात्र आता अख्खं नाम झालंय. ‘ओलिसांची सुटका’ आपण लिहितो, ‘वेठिसांची सुटका’ अजून तरी कोणी लिहिलेली नाही.

मी_टवाळ

अजून तरी!

बाकी जबरदस्तीचं नशीब बघा. ‘जबरदस्त’ म्हटलं की कौतुक, सुरमई जबरदस्त, दशावतार जबरदस्त. मागे एक वेलांटी लागली की पोलीस केस.

आणि सक्तीचा शक्तीशी काही संबंध नाही बरं का. ती फारसीतल्या ‘सख्त’ची लेक, म्हणजे कडक, कठीण. म्हणून सक्तमजुरी आणि म्हणूनच सक्तवसुली संचालनालय. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगच्या पत्रकावर ‘उपस्थितीची शक्ती आहे’ असं छापलं होतं. गर्दी मात्र झाली.

जांभा

धागा आवडला. दोन पायऱ्या मागे जातो.

वेठ आली संस्कृत ‘विष्टि’वरून, बिगार आली फारसीतून. अर्थ तोच, म्हणून जोडी जमली. ‘वेठबिगार’ हा ‘कागदपत्र’, ‘बाजारहाट’ अशा जोडशब्दांतला. मराठेशाहीच्या इनामपत्रांत पट्ट्यांच्या, म्हणजे करांच्या, यादीत वेठबेगार येते, म्हणजे करासारखीच वसूल व्हायची. पैसे नसतील तर अंग द्या.

विष्टि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. त्याहून मजेदार उल्लेख जुनागढच्या शिलालेखात, इ. स. १५०च्या आसपासच्या. रुद्रदामन अभिमानाने सांगतो की सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध मी प्रजेला कर, विष्टि आणि प्रणय यांचा त्रास न देता बांधला. एखादी गोष्ट केली नाही म्हणून राजाला दगडावर कोरून घ्यावंसं वाटतं, यावरून बाकीचे राजे काय करत होते ते समजून घ्या.

आता तो ‘प्रणय’ बघा. इथे त्याचा अर्थ प्रजेने ‘प्रेमाने’ द्यायची वर्गणी. कौटिल्यही सांगतो, खजिना रिकामा झाला तर मागावी, पण एकदाच, दोनदा नाही. गोड नाव देऊन सक्ती करण्याची कला किती जुनी आहे! शाळेची ‘ऐच्छिक’ देणगी, सोसायटीची ‘स्वेच्छा’ वर्गणी, सगळे प्रणयच.

सुरंगीचा_गजरा

प्रणय 😂 आमच्या मंडळाच्या पावतीपुस्तकावर छापून घेते.

गरीवाला

वेंगुर्ल्याकडून थोडा. माझो आजो ‘वेठीक जावचा’ असा सरळ म्हणायचो. त्याच्या तोंडी तो वाक्प्रचार नव्हतो, काम होता. लावणीचे दिवस, आपलो तरवो (भाताची रोपा) तसोच ऱ्हवलो तरी आधी खोताच्या मळ्यात. जेवण मिळालाच तर मिळाला. आजये तर कसातरी उरकलेल्या कामाक ‘वेठ मारल्यान’ म्हणायची. सून भांडी नीट घासूक नाय तरी ‘काय गो, वेठ मारतस?’ तिच्या बोलण्यातसून खोत गेलो, वेठ ऱ्हवली.

पुढे प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर पुणेकर भाषांतर मागतील.

गळ घालण्याबद्दल. आमच्याकडे मासे गरवायची ती गरी. पाण्यात गरी, माणसांना गळ. गळ घातली की समोरचा ‘नाही’ म्हणू शकतो, फक्त म्हणताना त्याला लाज वाटते. भरीस पाडताना त्याला आपण स्वतःच ठरवलं असं वाटतं. माथी मारल्यावर वस्तू घरी आल्यानंतर कळतं. आणि वेठीस धरताना ‘हो की नाही’ हे विचारतच नाहीत. माझ्या मते फरक हाच, नकाराला जागा किती ठेवलीय.

शब्दखोर

गरीवाला, धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या शेवटच्या परिच्छेदात आलं. ‘भाग पाडणे’ तेवढं राहिलं. त्यात परिस्थितीचा हात असतो. पावसानेही आपल्याला थांबायला भाग पाडलं असं म्हणतो, पावसाने जबरदस्ती केली असं म्हणत नाही. जबरदस्तीला कर्ता माणूसच लागतो.

जांभा

गरीवाल्यांच्या आजोबांनी विषय खोतीवर आणलाच आहे, तर तिथे थोडा थांबतो. कोकणात वेठ म्हटली की खोत येतोच.

खोत म्हणजे मुळात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वंशपरंपरागत मधला माणूस. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात ही पद्धत घट्ट रुतली होती. कुळाने भाताचा अर्धा वाटा द्यायचा तो अर्धल, वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या, जमिनीवर तिसरा हिस्सा तो तिर्धल. पीक उभं असतानाच खोताचा माणूस येऊन अंदाज बांधायचा, ती अभावणी. अंदाज चढा बांधला की कुळाच्या पदरी काय उरायचं ते सांगायला नको. हे कागदावरचं. कागदाबाहेर वेठ: खोताच्या शेतात नांगर धरायचा, लावणीला बाई पाठवायची, घर शाकारायचं, ओझी उचलायची.

वेठीस ‘धरणे’ हे क्रियापद इथे बसतं. कुळाला खरंच धरून आणायचे. निरोप आला की हातातलं टाकून जायचं. आपल्या शेताचा वाफसा निघून गेला तर तो आपला तोटा. म्हणजे वेठीत माणसाचे दोन तोटे असतात, मजुरी बुडते आणि त्याचं स्वतःचं काम खोळंबतं. माझा अंदाज असा की आजचा अर्थ त्या दुसऱ्या तोट्यातून निघालाय. मजुरीचा भाग गळाला, खोळंबा तेवढा राहिला. तेव्हा शब्दखोर म्हणतात तसा सगळा दोष ओलीसचा नसावा.

किल्लेदार_नव्हे

सगळे खोत एका माळेचे मणी नव्हते हेही लिहा. भाऊबंदकीत खोतीचे तुकडे होऊन एकेकाचा वाटा आण्यांवरून पैशांवर आला होता. आमच्या घरात खोती होती आणि भात विकत आणत होतो.

जांभा

मान्य. गरीब खोत होते. पण वेठ घ्यायचा हक्क गरीब खोतालाही होता आणि ती द्यायची पाळी खाऊनपिऊन सुखी कुळावरही यायची. माणूस वाईट की चांगला हा मुद्दाच नाही.

अलिबागी_कांदा

आमच्या तालुक्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. चरी, तालुका अलिबाग. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचंच बंद केलं. हा संप १९३९पर्यंत चालला. पेरलं नाही म्हणजे घरातही भात नाही. लोकांनी लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. पुढे १७ सप्टेंबर १९३७ला डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, जानेवारी १९३८मध्ये कोकणातले शेतकरी मोर्चा घेऊन विधानसभेवर गेले. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९च्या कायद्याने.

धागाकर्त्याच्या दुसऱ्या कात्रणावर मला यासाठीच बोलायचंय. चरीची माणसं संपावर गेली ती वेठीला नाही म्हणायला. आज कोणीही संपावर गेलं की मथळा येतो, संपकऱ्यांनी जनतेला वेठीस धरलं. ज्यांना वेठीस धरत होते त्यांच्याच वंशजांवर हा शब्द उलटवलाय. मला हे भाषेचं साधं वळण वाटत नाही. अर्थ बदलताना तो कुणाच्या सोयीने बदलला तेही बघायला हवं.

मी_टवाळ

भाषा कोणाच्या सोयीने बदलत नाही हो, ती आळसाने बदलते. मथळ्यात चार शब्दांची जागा असते. ‘प्रवाशांची गैरसोय’ला धार नाही, ‘वेठीस’ला आहे. उपसंपादक रात्री साडेअकराला कटकारस्थान करत नसतो, त्याला लोकल पकडायची असते.

अलिबागी_कांदा

आळस नेहमी एकाच बाजूला का कलतो एवढंच सांगा. पगार चार महिने थकवणाऱ्या मालकाने कामगारांना वेठीस धरलं, असा मथळा शेवटचा कधी वाचलात? तिथे शब्द मूळ अर्थाने चपखल बसतो. काम करून घेतलं, मोबदला दिला नाही.

मी_टवाळ

…हे मात्र खरं. जेवून येतो.

डहाणूचा_चिकू

उत्तर कोकण नेहमीप्रमाणे विसरलात. तुमच्याकडे खोत, आमच्याकडे सावकार-जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदार. डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात वारल्यांकडून वेठ घेत. त्यात एक प्रकार लग्नगड्याचा. लग्नाला सावकाराकडून कर्ज काढायचं आणि त्याच्या फेडीत नवरा-बायको दोघांनी त्याच्या घरी राबायचं. हिशेब सावकाराच्या वहीत, त्यामुळे फेड होतच नसे. लग्न करणं म्हणजे गडी होणं. १९४५ साली किसान सभेचं काम घेऊन गोदावरी आणि शामराव परुळेकर आले, झरी गावी सभा झाली, आणि वेठ द्यायची नाही हे ठरलं. त्या लढ्यात गोळीबार झाला, माणसं मेली.

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसासमोर ‘ट्रॅफिकने वेठीस धरलं’ म्हणून बघा. हसणार नाही तो.

तांबडा_भात

आणि महार वतन, म्हणजे वंशपरंपरेने गळ्यात पडलेली गावची चाकरी? खोताची वेठ कुळाला, पण महाराला सगळ्या गावाची. टपाल न्या, सरकारी माणसाचं सामान पोचवा, मेलेलं ढोर ओढा, सांगाव्याला रात्री-अपरात्री धावा. १८७४च्या वतन कायद्याने या वेठीला कायद्याचं कवच होतं. आंबेडकरांनी १९२८मध्ये त्याविरुद्ध विधेयक आणलं, वतनं गेली १९५८च्या कायद्यानंतर. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, कोकणातलंच. ‘गावकीचं काम’ हे त्या वेठीचं सभ्य नाव होतं. वरती प्रणयचा विनोद झाला, तो इथे आठवला म्हणून लिहिलं.

सुरंगीचा_गजरा

तांबडा_भात, लिहिलंत ते बरं केलंत.

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. स्टाफरूममध्ये हा शब्द रोज असतो: ‘गुरुजींना वेठबिगारीला जुंपलंय’. निवडणूक, जनगणना, मतदार याद्या. पण प्रामाणिकपणे सांगते, निवडणुकीच्या कामाचा भत्ता मिळतो, पगारही चालू असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७मध्ये जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक यांची मुभा दिलेलीच आहे. मग ही वेठ म्हणायची का? नाही म्हणता येत नाही एवढ्यावरून वेठ ठरत असेल तर आयकरही वेठ.

अलिबागी_कांदा

वकिली चष्म्यातून बघतो. संविधानाच्या कलम २३ने वेठबिगार मना केली आहे. त्याच्या इंग्रजी पाठातही ‘बेगार’ हा आपला शब्द जसाच्या तसा ठेवलाय. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लावता येते, अट एवढीच की धर्म, वंश, जात, वर्ग पाहून भेद करायचा नाही. तेव्हा जनगणना सक्ती आहे, वेठ नाही.

भत्ता मिळतो म्हणून वेठ नाही, हा तुमचा दुसरा मुद्दा मात्र टिकत नाही. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने म्हटलं, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम हीसुद्धा सक्तीची मजुरीच, कारण भूकही माणसाला भाग पाडते. डोक्यावर काठी असायलाच हवी असं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या कातकऱ्यांचं बघा. पावसाळ्याच्या आसपास उचल घ्यायची आणि मग वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर ती फिटेपर्यंत कुटुंबासकट राबायचं. मजुरी मिळते की! तरी १९७६चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा नेमका अशाच उचलीसाठी आहे. शब्दखोर, तुमच्या ‘भाग पाडण्या’तला पाऊस इथे भट्टीमालकाच्या बाजूने कामाला लागतो.

शब्दखोर

हं. म्हणजे जबरदस्तीला कर्ता लागतो, पण तो कर्ता परिस्थितीच्या आड उभा राहू शकतो. व्याकरणात याला सोय नाही, न्यायालयात आहे.

गरीवाला

मग नाक्यावरचो बिगारी खय बसवूचो? शब्द बिगारीचो, पण आज सकाळी दर सांगता, पटलो नाय तर दुसऱ्या मुकादमाबरोबर जाता. माका तर त्या नाक्यावर तोच एक मोकळो माणूस वाटता. हापूसच्या बागेत राखणेक ठेवलेले गडी विचारा, सगळो हंगाम मालकाचो, पैसे हंगाम संपल्यावर.

किल्लेदार_नव्हे

बागायतदारांवर घसरू नका. ते पैसे आधीच उचल देऊन बसलेले असतात.

अलिबागी_कांदा

तेच तर म्हणतोय.

खाडीपलीकडचा

जेवण, विसर्जन आणि पाहुणे यांतून आत्ता मोकळा झालो. भावोजींना धागा वाचून दाखवला. संपाच्या मथळ्याबाबत ते अलिबागी_कांद्यांच्या बाजूने आहेत, वर म्हणाले की आमच्या डेस्कवर असा मथळा आला असता तर ‘प्रवाशांचे हाल’ केला असता, अक्षरंही कमी लागतात. (मी_टवाळ, लोकलही मिळाली असती.)

बसवाल्यासाठी त्यांनी ‘अडवणूक’ सुचवला आणि मला तो पटला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यातला अडलेला. गणपतीला गावी जायचंच आहे, रेल्वेची आरक्षणं सुटल्या सुटल्या संपलेली, हे त्याला माहीत असतं. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घ्यायचं नाही असा सरकारी निर्णय २०१८पासून आहे, तोही त्याला माहीत असतो. माझ्याकडून तो काम करून घेत नाही, माझं अडलेपण विकत घेतो. वेठीत तुमचं अंग जातं, अडवणुकीत खिसा.

जांभा

आणि त्याच बसच्या चालकाला मुंबई-सावंतवाडी करून न झोपता परत पाठवतात, तो वेठीस.

खाडीपलीकडचा

बरोबर. मथळा शेवटी योग्य होता, माणूस चुकला.

सुरंगीचा_गजरा

जाता जाता एक विचारते, कारण माझ्या वाडीतलं आहे आणि तिथे विचारायची सोय नाही. खारीचा (खाडीकाठच्या भातजमिनीचा) बांध उधाणाला फुटला की घरटी एक माणूस जायचा नियम आहे. न गेल्यास दंड. वर्षानुवर्षं चाललंय, नाव ‘श्रमदान’. ही वेठ का?

गरीवाला

बांध फुटलो तर खारा पाणी सगळ्यांच्याच भातात. आपल्याच शेताक मरतंव, त्याका वेठ कशी म्हणतलंस?

सुरंगीचा_गजरा

सगळ्यांच्या नाही ना. वाडीतल्या बऱ्याच घरांची खारीत गुंठाभरही जमीन नाही. त्यांनाही बोलावतात, चिखलात तेच जास्त वेळ असतात. ज्यांची सर्वांत मोठी खाचरं आहेत ते मुंबईहून दंडाचे पैसे पाठवतात आणि मोकळे होतात.

तांबडा_भात

ज्याचं शेत त्याने दंड भरून सुटायचं आणि ज्याचं नाही त्याने चिखल उपसायचा. याला वेठ नाही तर काय म्हणणार? बैठकीत हा शब्द उच्चारा एकदा.

सुरंगीचा_गजरा

उच्चारला तर शिमग्याला पालखी आमच्या दारावरून पुढे जाईल. वाळीत टाकतात तेव्हा कोणी ‘वाळीत टाकलं’ असं बोलत नाही, फक्त हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही.

अलिबागी_कांदा

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा आहे. रायगडातल्या वाळीत टाकण्याच्या प्रकरणांनी तो करायला लावला. तक्रार करता येते.

सुरंगीचा_गजरा

माहीत आहे. तक्रार केल्यावर गावात राहायचं मला आहे. तूर्तास दंडाची रक्कम ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मापाने लावा, एवढंच बैठकीत मांडणार आहे. वेठ हा शब्द न वापरता.

गरीवाला

मांड. आणि बैठकीत कोण काय बोललो ता हय लिही, धागो उघडोच ऱ्हवांदे.